होडीखाली टांगलेला पॅन

चौकसरावांनी स्वयंपाकघरातला पॅन उचलला, तो येत्या रविवारी परत आणून ठेवायच्या बोलीवर. बोली अर्थात स्वतःशीच केलेली, कारण बायकोला विचारलं असतं तर पॅन मिळाला नसता आणि वर भाषण मिळालं असतं. (चौकसराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ऑफिसातली लिफ्ट बंद पडली की बाकीचे जिन्याने जातात आणि हे दार किलकिलं करून आत डोकावतात, त्यामुळे दुसरं नाव टिकलंच नाही.)

मुळात भानगड होती होडीची. होडी सासऱ्यांची. सासरे जहाजावरचे निवृत्त कप्तान. घरातही सगळे त्यांना कप्तानच म्हणत, सासूबाईसुद्धा. काही महिने मुलाकडे राहायला जाताना त्यांनी होडी थोरल्या जावयाच्या, म्हणजे चौकसरावांच्या हवाली केली आणि बजावलं, "हे बघा जावईबापू, होडी वरून कशीही दिसू दे. मी बूड बघणार. पाण्यात राहिलेल्या बुडाला आधी शेवाळ धरतं, मग त्यावर बार्नेकल, म्हणजे दगडासारखे चिकटून बसणारे शंख बसतात, आणि मग होडी जागची हलता हलत नाही. दर पंधरवड्याला पाण्यात उतरून बूड खरवडायचं. मी येईन तेव्हा ते गुळगुळीत नसलं, तर होडी धाकट्या जावयाकडे!"

धाकटा जावई म्हणजे चौकसरावांचा साडू. रोज पहाटे पोहणारा. दंड असे की शर्टाची बाही आपणहून वर सरकायची.

आणि चौकसरावांना ती होडी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. वल्ही मारायला नव्हे. घरात दिवसभर "हे इथे कोणी ठेवलं?" असं विचारत फिरणारी बायको होडीत बसली की पाण्यात बोटं बुडवून गुणगुणायची. लग्नाआधी गुणगुणायची, अगदी तशी. ते ऐकण्यासाठी चौकसराव वाट्टेल ते करायला तयार होते. फक्त गार पाण्यात उतरायची तेवढी तयारी नव्हती.

पहिल्या पंधरवड्याला ते गुडघाभर पाण्यात उतरले, बुडाखाली हात घातला आणि हाताला एक टोकदार, पांढरा शंख लागला. दुसरा कोणी तो फेकून पुढचा काढायला लागला असता. हे तो पेल्यातल्या खाऱ्या पाण्यात घालून घरी घेऊन आले आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसून राहिले. (बाकीचे शंख होडीखाली सुखाने नांदत होते.)

"अगं, काय अजब प्राणी आहे!" जेवताना ते म्हणाले. "लहानपणी समुद्रभर हुंदडतो. मग एक दिवस त्याला एखादी जागा आवडते. तिथे डोकं चिकटवतो, ते कायमचं! पुढे जन्मभर तिथेच बसून नुसते पाय हलवतो, आणि पायांनीच खाणं तोंडाकडे ओढतो."

बायकोने सोफ्याला पडलेल्या खड्ड्याकडे पाहिलं. "यात नवीन काय आहे?" ती म्हणाली.

चौकसरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. हा चिकटतो कशाला आणि चिकटत नाही कशाला, हा भुंगा त्यांच्या डोक्यात शिरला होता. दुसऱ्या दिवशी चौकसराव आम्लेट करत होते, ते आम्लेट पॅनवरून अलगद घसरलं आणि चौकसराव जागच्या जागी थबकले. पॅनला आम्लेट चिकटत नाही, तर शंख तरी कसा चिकटेल? आणि तसं असेल, तर होडीच्या बुडाला पॅनसारखाच मुलामा द्यावा की! मग पाण्यात उतरणं नको, खरवडणं नको. त्यांनी पॅन धुतला, होडीच्या कडेला दोरी बांधली आणि पॅन खाली पाण्यात सोडून दिला.

रविवारी पॅन स्वच्छ निघाला. पण आठवड्याभरात काय कळणार? त्यांनी तो परत सोडला.

इकडे घरात शोध सुरू झाला. "माझा पॅन कुठंय?"

"जाणार कुठे? असेल इथेच," चौकसराव म्हणाले. (इथेच म्हणजे पृथ्वीवर.)

"मागे समोरचीने नेला होता. तिच्याकडेच राहिला असणार."

समोरची म्हणजे शेजारीण. होडी बांधलेली असायची त्या धक्क्यावरच्या ऑफिसात नोकरीला होती आणि अत्यंत मानी बाई.

"अहो, माझा पॅन चुकून तुमच्याकडे राहिला का?"

"मी तेव्हाच दिला परत. घासून!"

"घासून दिलात, पण कोणाला?"

एवढं पुरलं. संध्याकाळी शेजारणीने स्वतःचा कोरा करकरीत पॅन दारात आणून आदळला. "घ्या! आमचाच घ्या!" म्हणाली आणि दार लावून घेतलं. बोलणं बंद.

"मला नको तिचा पॅन. आत्ताच्या आत्ता परत देऊन या," बायकोने फर्मावलं.

शेजारणीचं दार समोरच होतं. चौकसराव पॅन घेऊन बाहेर पडले आणि जिना उतरून थेट धक्क्यावर गेले. एका पॅनवरून काय सिद्ध होणार? दुसरा हवाच होता, तो देवानेच दारात आणून आदळला होता. (शेजारणीच्या ऑफिसची खिडकी रस्त्याकडे होती, पाण्याकडे नाही, हीसुद्धा देवाचीच कृपा.) दोन पॅन शेजारी शेजारी लटकू लागले. या सगळ्या धांदलीत होडी खरवडायची असते, हे ते साफ विसरून गेले.

आणि एका सकाळी बायको म्हणाली, "बाबा येताहेत. स्टेशनवरून थेट धक्क्यावरच जाणार म्हणाले. मी निघालेय, तुम्हीही या."

चौकसरावांचं धाबं दणाणलं. ते चपला हातात घेऊन पळाले, पण पोचले तेव्हा क्रेनचा पट्टा होडीखालून गेलेला होता आणि कप्तान हात वर करून ओरडत होते, "उचला!"

होडी वर आली. बुडाला हातभर दाढी लोंबत होती, दाढीत शंखांची दाटी होती, आणि त्याखाली दोन पॅन गोल गोल फिरत पाणी गाळत होते.

"माझा पॅन!" बायको किंचाळली.

"आणि हा माझा!" क्रेनची पावती द्यायला आलेली शेजारीण किंचाळली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग चौकसरावांकडे. अबोला त्याच क्षणी संपला.

कप्तानांनी शांतपणे चष्मा लावला. शेजारणीचा पॅन आतून लखलखीत होता. बायकोच्या पॅनमध्ये मात्र बारके शंख बसले होते, तेही शिस्तीत, रांगेने. "हे असे ओळीत का बसले?" कप्तान पुटपुटले.

प्रश्न कानावर पडताच चौकसराव सगळं विसरले. "बघू, बघू!" ते पॅनवर वाकले. "अहो, जिथे ओरखडे आहेत तिथेच बसलेत! गुळगुळीत भागावर एकही नाही! म्हणजे आम्लेट उलटताना स्टीलचं उलथनं जिथे जिथे घासलं, तिथेच..." आणि ते थांबले.

"लाकडी वापरा म्हणून घसा कोरडा केला मी," बायको म्हणाली. "आणि तुम्ही म्हणालात, पॅन दुकानातूनच तसा आला!"

कप्तानांनी होडीच्या बुडावरून हात फिरवला. एक शंख उपटायला गेले, तो निघेना. "प्रयोग चांगला आहे," ते म्हणाले. "पण होडीची पार रया घालवलीत, जावईबापू. मी धाकट्याला फोन लावतो."

चौकसराव पुढे सरसावले. "कप्तान, नका हो नेऊ," ते चारचौघांत बोलून गेले. "ही होडीतच गुणगुणते. घरी नाही गुणगुणत."

कप्तान फोन हातात धरून लेकीकडे बघत राहिले. ती लाजून लाल झाली होती, आणि रागाने लाल झाली होती ती वेगळीच.

"बाबा, फोन ठेवा," ती म्हणाली. "होडी माझ्या नावावर करा. बूड मी सांभाळते."

"तू उतरणार पाण्यात?"

"मी कशाला? माणूस आहे की माझ्याकडे."

तेव्हापासून दर पंधरवड्याला बायको आणि शेजारीण होडीत बसतात. बायको पाण्यात बोटं बुडवून गुणगुणते, अगदी पूर्वीसारखी. स्टीलच्या उलथन्याला स्वयंपाकघरात बंदी झाली, ते आता होडीवरच असतं. परवा कप्तानांचा फोन आला.

"काय गं, बुडाला काही चिकटलंय का?"

बायकोने वाकून खाली पाहिलं.

"एकच आहे, बाबा. पाय हलवतोय."