जगातले सगळे केरबा

आमच्या शेजारच्या केरबातात्यांना एकच शब्द वाचता येतो. तो म्हणजे केरबा. लहानपणी ते शाळेत गेले ते पाटीवर स्वतःचं नाव गिरवण्यापुरते. मग घरच्यांनी जनावरांमागे लावलं आणि शाळा तिथंच राहिली. पण तो एक शब्द पक्का बसला. शंभर शेळ्यांच्या कळपात आपली शेळी लांबून ओळखू यावी, तसा वर्तमानपत्राच्या भरगच्च पानात तात्यांना केरबा दिसतो. सकाळी पेपर उघडला की ते नुसती नजर फिरवतात. निवडणूक, उसाचा भाव, खून, सगळं ओलांडून नजर खाली उतरते आणि कुठंतरी कोपऱ्यात अडकते. मग भिंतीवरून मला हाक येते.

"सूनबाई, हितं यक केरबा हाय. काय केलंय बघ की त्यानं."

मी त्यांची सून नव्हे. वरकुट्यात आमच्या आळीत नवरी होऊन जी आली ती सगळ्या आळीची सूनबाई. माझी चौथी झालेली, अक्षर वाटोळं. तात्यांना तेवढं पुरतं. मी भिंतीशी उभी राहून वाचते. कुणी केरबा कुस्ती जिंकलेला असतो, कुणी द्राक्षाचं नवं वाण काढलेलं असतं, कुणाला ढोलकीसाठी मुंबईला बोलावून शाल दिलेली असते. तात्या शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि मान हलवून म्हणतात, "आपल्यातला निघाला."

हे 'आपल्यातला' ऐकून नवी माणसं फसतात. गावाकडं आपल्यातला म्हणजे आपल्या जातीचा. तात्यांचं तसं नाही. त्यांचे केरबा बारा गावचे आणि अठरा जातींचे. एकदा कुणीतरी विचारलं, "तात्या, त्यो ढोलकीवाला तुमच्यातला कसा?" तात्या म्हणाले, "केरबा हाय न्हवं? मंग आनि काय पायजे?"

तात्यांचा धंदा जळालेल्या मोटारी भरून देण्याचा. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. निमगाव केतकीत स्टँडच्या मागं त्यांचं दुकान आहे. तारेचे फेरे मोजायला ते भिंतीवर खडूनं रेघा मारतात, चार उभ्या आणि पाचवी आडवी. आकडे येतात, पण रेघांवर विश्वास जास्त. हात इतका नेमका, की बारामतीपर्यंतची गिऱ्हाइकं शोधत येतात. मात्र मोटार कितीही घाईची असो, पेपरात केरबा सापडला की दुकान बंद.

कारण तात्या त्या केरबाला भेटायला जातात. ओळख नाही, पाळख नाही. टोपी घालायची, एसटीत बसायचं आणि त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. "काय काम हाय?" असं कुणी विचारलं की सांगायचं, "काय न्हाय. नाव सेम हाय."

मोठा माणूस कुणाला म्हणायचं, याचे त्यांचे नियम आहेत. पेपरात छापून आला तो मोठा. फ्लेक्सवर आला तर विचार करायचा. वाढदिवसाचा फ्लेक्स धरत नाहीत, तो कुणीही लावतो. श्रद्धांजलीचा धरतात, पण त्या केरबाला भेटता येत नाही म्हणून हळहळतात. एकदा एक केरबा विहिरीवरची मोटार चोरताना सापडल्याची बातमी आली. नेमकी मोटार. तात्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. तिसऱ्या दिवशी भिंतीपाशी येऊन म्हणाले, "त्यानं पोलिसाला खोटं नाव सांगितलं आसल."

या सगळ्यांची एक वही आहे, दोनशे पानी. लिहिते मी, सांगतात तात्या. नाव, गाव, काय केलं. उजव्या बाजूला एक पट्टी मोकळी सोडायची. भेटून आले की तात्या त्या पट्टीत स्वतःच्या हातानं पेन्सिलीच्या रेघा मारतात. कुणाला एक, कुणाला तीन. पैलवानाला पाच, म्हणजे चार उभ्या एक आडवी. ढोलकीवाल्याला सात.

आम्ही धरून चाललो की हे मार्क आहेत. कशाचे, यावर आमच्या घरात एकमत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "ज्यानं चा चांगला पाजला त्याला जास्ती." आमचे हे म्हणायचे, मिशांवर असतील, कारण पैलवानाच्या मिशा दांडग्या होत्या. मी विचारलं नाही. तात्यांना उलटं काही विचारायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं.

एकदा मात्र मी तिथंच होते. सासूबाईंचा गुडघा दाखवायला आम्ही बारामतीला गेलो, तर दवाखान्याच्या बाकावर तात्या बसलेले. डॉक्टरचं नाव केरबा, त्यांची बातमी मीच वाचून दाखवली होती. तात्यांनी रीतसर नंबर लावला होता आणि दीड तास थांबले होते. आमच्या आधी त्यांचा नंबर लागला. दार अर्धं उघडं होतं.

"काय होतंय आजोबा?"

"काय न्हाय. नाव सेम हाय."

डॉक्टर हसले. मग तात्या पुढं वाकून हळू काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी दोन बोटं वर केली. मग कंपाउंडर बाहेर आला आणि चहा सांगायला गेला. बाकावरचे सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी डॉक्टर स्वतः उठून तात्यांना जिन्यापर्यंत सोडायला आले. तात्यांनी पिशवीतून वही काढून दोन रेघा मारल्या.

"डाक्टर आसून दोनच?" सासूबाई म्हणाल्या.

"दोनच," तात्या म्हणाले. "नशीबवान हाय."

हे सगळं असंच चाललं असतं. पण तात्यांच्या महेशचं लग्न ठरलं.

महेश हा तात्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्याला कंपनीत आहे. आई गेल्यापासून महिन्यातून एकदा येतो, बापाचा डबा, औषधं, सगळं बघतो. मुलगा वाईट नाही. मुलगी बारामतीची, तिचे वडील मोठ्या पगारावरून निवृत्त झालेले. पत्रिकेचा मजकूर घेऊन महेश एका रविवारी आला आणि दुपारी भिंतीवरून मला हाक आली. या वेळी आवाज पडलेला होता.

"सूनबाई, वही घिऊन ये. हितं वाचायचीय."

वही माझ्याकडं असते, कुणाला भेटायला जाताना तेवढी तात्या नेतात. मी पदर सावरून गेले. महेश खुर्चीवर होता, तात्या खाली तारेच्या वेटोळ्याशेजारी.

"काकू, तुम्हीच सांगा," महेश म्हणाला. "मी एवढंच म्हणतोय, की पत्रिकेवर केशवराव टाकू. तिकडं सगळे हसतात. तिच्या बहिणीनं विचारलं, केर म्हणजे कचराच ना? मी काय सांगू?"

मी वही मांडीवर घेऊन खाली बसले.

"केशवच का पण?" तात्यांनी विचारलं.

"के वरून. बँकेत, आधारला, सगळीकडं इंग्रजीत के आहे. तो तसाच राहतो. एका दिवसाचा प्रश्न आहे, तात्या. लग्न झालं की पत्रिका कोण ठेवतं?"

"म्या ठिवतो," तात्या म्हणाले. "त्यात माझं नाव नसंल तर म्या काय बघायचं? दुसरं काय वाचाया येतंय मला?" मग माझ्याकडं वळून, "वाच सूनबाई. समदं वाच. केरबा कोण कोण हायत कळू दे ह्याला."

मी वाचायला लागले. माझा आवाज चारचौघांत फुटत नाही, पण त्या दिवशी थांबता येईना. पैलवान, ढोलकीवाला. द्राक्षवाला. बारामतीचे डॉक्टर. उजनीच्या पाण्यात उडी घालून बुडत्या होडीतली चार माणसं काढणारा केरबा. स्वतःच्या गावाचा इतिहास लिहिणारे गुरुजी, पणदऱ्याकडचे. महेश आधी मोबाईल बघत होता. मग वही माझ्या हातातून घेऊन स्वतःच पानं उलटायला लागला.

"हे रेघांचं काय आहे?"

"मार्क," मी म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं वही मी लिहिली आणि मला हे कळलं नव्हतं, याचं त्यांना खरंच नवल वाटलं असावं.

"मार्क कशाचं गं? त्याच्या आदी त्याच्या आईची किती गेली, त्या रेघा."

महेशला समजायला वेळ लागला. मला नाही. केरबा नाव कुणाला ठेवतात, हे आमच्याकडं बायकांना माहीत असतं. पाठोपाठ मुलं जगत नाहीत, तेव्हा पुढच्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात. दुसरीच बाई त्याला उचलते आणि आई तिला पसाभर जोंधळे देऊन मूल परत मागून घेते. नाव केरबा. केरातलं आहे, आमचं नाही, याला कुणी नेऊ नये. हे मला माहीत होतं. वही लिहिताना सुचलं नव्हतं एवढंच.

तात्या सांगत होते, मोटारीच्या बिघाडाबद्दल सांगावं तसं. "त्या पैलवानाच्या आदी पाच. ढोलकीवाल्याची आई अजून हाय, तिनं सोता सात बोटं दाखिवली. म्या दुसरं काय इचारत न्हाय कुणाला. तेवढंच इचारतो. समद्यांना आकडा पाठ आसतो."

महेशनं वहीचं पहिलं पान काढलं. तिथं माझ्याच अक्षरात होतं: केरबा, वरकुटे, मोटारी भरणे. छापून न येता वहीत गेलेला हा एकच केरबा. पुढं तीन रेघा.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," महेश म्हणाला.

"तू कवा इचारलं? थोरला यशवंत, दीड वर्साचा हुता. तिसरा तर नाव ठिवायच्या आदीच गेला." तात्यांनी तारेचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "आन् दोन नंबरचा केशव. अकरा म्हयन्यांचा. आई म्हातारपणी मला कवाकवा केशवच म्हणायची. म्या ओ द्यायचो."

बाहेर आमच्या म्हशीनं बादली पाडली, ती उचलायला जावं असं मला फार वाटलं.

तात्याच शेवटी म्हणाले, "घाल केशवराव. तुला पायजे तर घाल. त्याचं बी कुठं छापून आलं न्हाय."

महेश त्या संध्याकाळी चहा न घेता पुण्याला गेला. पुढचे पंधरा दिवस तात्या पेपर उघडत नव्हते. दोन मोटारी भरायच्या राहिल्या. आमच्या ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदललाय." तात्यांना चष्मा नाही.

मग पत्रिकांचा गठ्ठा आला. तात्या एक पत्रिका घेऊन भिंतीपाशी आले. मी पुढं झाले तर म्हणाले, "थांब. पयलं म्या बघतो." गणपतीपासून त्यांची नजर खाली उतरायला लागली. आमच्याकडच्या पत्रिकेत नावं काय थोडी असतात? चुलते, मामा, सोसायटीचे चेअरमन, दोन सरपंच. नजर त्या सगळ्यांवरून गेली आणि मधोमध थांबली. त्यांनी तिथं अंगठा ठेवला.

"ह्यो म्या," ते म्हणाले.

श्री. केरबा असंच होतं. जाड अक्षरात.

त्याच्या वर, जिथं कैलासवासी मंडळींची नावं घालतात तिथं, आजोबा आणि आजीच्या खाली आणखी दोन नावं होती. मी वाचून दाखवली. कैलासवासी यशवंत. कैलासवासी केशव. तात्यांनी परत वाचायला लावलं.

"कंचा केशव? बोट ठिव."

मी बोट ठेवलं. त्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"पयलं अक्षर तर माझंच हाय," ते म्हणाले.

लग्नात बारामतीच्या पाहुण्यांनी विचारलंच, हे यशवंत आणि केशव कोण. तात्या फेटा सावरत म्हणाले, "माझे थोरले भाव." काय करत होते, असं कुणी पुढं विचारलं नाही, ते बरं झालं.

परवा सकाळी भिंतीवरून हाक आली. मला वाटलं नवा केरबा निघाला. तात्यांनी पेपर माझ्यापुढं धरला, बोट एका फोटोखाली होतं.

"केशव हाय का न्हाय ह्यो?"

होता. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. माळरानावर त्यांनी हजारभर झाडं जगवली होती, म्हणून सत्कार झाला होता. मी तात्यांकडं बघितलं. एकट्यानं शोधला होता.

"वय लिवलंय का?"

"शहात्तर."

तात्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "बरुबर," ते म्हणाले. "आमचा बी एवढाच आसता."

टोपी त्यांच्या हातातच होती. निमगावच्या एसटीला दहा मिनिटं होती.

मी न राहवून विचारलं, "तात्या, ह्यांना काय विचारणार?"

"काय न्हाय," टोपी घालत ते म्हणाले. "नुसता बघून यीन."