चहापुरती थांबलेली हद्द

मृतांनी शहराच्या हद्दीबाहेर राहावे असा नियम होता आणि त्यात गैर काहीच नव्हते. जिवंतांनाच जागा पुरत नव्हती. म्हणून शिंपीकाम करणारे वडील सकाळी गेले, तेव्हा मुलीने शववाहिका बोलावली, आत्याला शेजारी बसवले आणि सगळे नेहमीच्या स्मशानाकडे निघाले.

स्मशानाच्या फाटकात काचेचे नवे कार्यालय उभे होते. आतल्या साहेबांनी आधी शोक व्यक्त केला, मग हात वर केले.

"ही जागा कालपासून शहरात आली. अभिनंदन."

"मग यांना न्यायचं कुठे?" मुलीने विचारले.

"हद्दीबाहेर. सरळ जा. रस्ता छान झालाय."

रस्ता खरोखरच छान होता. वस्तीला असा रस्ता आणि एक नळ मिळावा म्हणून वडिलांनी उभा जन्म अर्ज केले. उत्तर ठरलेले असे : तुमची वस्ती हद्दीबाहेर आहे. तेव्हा ही हद्द ढिम्म हलली नव्हती.

पुढच्या गावाच्या स्मशानात हद्द सकाळीच येऊन गेली होती. त्याच्या पुढच्या गावातही तेच. उन्हे कलली. वडिलांभोवतीचा बर्फ वितळून गाडीतून ठिबकू लागला.

"जिवंतपणी तुझ्या बापाला कुणी पुढे जाऊ दिलं नाही," आत्या म्हणाली. "आता मेला तर थांबू देत नाहीत."

"ताई, तो टेम्पो बघा," चालक म्हणाला.

टेम्पोत चार मजूर 'शहराची हद्द समाप्त' असा फलक धरून बसले होते. टेम्पो थांबे, मजूर खड्डा खणून फलक रोवत, हद्द अधिकारी फलकाशेजारी उभे राहून फोटो काढून घेत, फलक उपटला जाई आणि शहर पुढे निघे.

मुलीने शववाहिका टेम्पोला आडवी घालायला लावली.

"साहेब, फलक जरा इथंच राहू द्या. वडिलांना माती देऊन घेतो."

"बाई, विकास असा कुणासाठी थांबत नसतो. शहर वाढीच्या अंगाचं आहे."

वाढीच्या अंगाला शिवताना आत जादा कापडाची माया ठेवावी, नाहीतर पहिल्याच वाकण्यात शिवण उसवते, असे वडील सांगत. मुलीने विचारले, "असं कुठवर जाणार?"

"सध्या टेम्पो जाईल तिथवर. पुढच्या वर्षी ट्रक मंजूर आहे."

"साहेब, चहा घ्यायचा का?" मागून एका मजुराने विचारले.

साहेबांनी घड्याळ पाहिले. "हां, चहाची गोष्ट वेगळी."

फलक रोवला गेला. साहेब टपरीवर बसले. फलकापलीकडच्या माळावर मजुरांनी आपल्याच पहारी-फावड्यांनी खड्डा खणला. मुलीने वडिलांची मापाची टेप गुंडाळून त्यांच्या उशाशी ठेवली. आत्याने माती लोटली. साहेबांनी दुसरा कप मागवला, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. मग फलक उचलला गेला आणि वडील रीतसर शहरात आले.

वर्षाने मुलगी तिथे गेली, तर मोठी इमारत.

"कुणाकडे जायचंय?" पहारेकऱ्याने विचारले.

"वडिलांकडे."

"कितवा मजला?"

"सगळ्यात खालचा."

"खाली नुसतं पार्किंग आहे, ताई."

"त्याच्याही खाली."

पलीकडे विक्री कार्यालयात गर्दी होती. लोक वारा कुठून येतो ते विचारत होते, शाळा किती लांब ते विचारत होते. इथे आधी काय होते, हे कुणी विचारले नाही. गाडीला हक्काची जागा आहे ना, एवढे मात्र प्रत्येकाने खोदून खोदून विचारले. घर घेताना तुम्हीही विचारले असेलच.