बहात्तर टक्के ब्रेक

जुनी गाडी घेताना आधी तिचा तपासणी इतिहास पाहावा, हे मी घरात पहिल्यापासून सांगत आलो आहे. गाडी नंतर पाहिली तरी चालते. परीक्षा विभागात एकतीस वर्षे मी गुणपत्रिका पडताळणी अधिकारी होतो. त्या काळात सुमारे दोन लाख गुणपत्रिका माझ्या हाताखालून गेल्या. उत्तरपत्रिका मात्र मी एकही पाहिली नाही, पाहायची गरजही पडली नाही. शिक्का गोल आहे, सही चौकटीत आहे आणि बेरीज जुळते, एवढे दिसले की मुलगा हुशार आहे की नाही ते कळते.

हा अनुभव घरच्या कामी येण्याची वेळ मुलीमुळे आली. ती परिचारिका आहे आणि तिची बदली टेकडीवरच्या रुग्णालयात झाली. रुग्णांना मोकळी हवा मिळावी म्हणून ते अगदी माथ्यावर बांधले आहे. रस्ता इतका उभा, की वर जाताना इंजिनाची परीक्षा आणि उतरताना ब्रेकची. उताराच्या तळाशी बसथांबा आहे, तिथे बाह्यरुग्ण रांगेत बसलेले असतात. तिची कामाची पाळी संपते त्याच्या दहा मिनिटे आधी बस निघून जाते. तेव्हा गाडी घेणे भाग होते, आणि आमच्या ऐपतीत जुनीच बसत होती. मुलीची एकच अट होती, ब्रेक लागले पाहिजेत. तिच्या आईची अट त्याहून सोपी होती, मुलगी रोज घरी आली पाहिजे.

दोन गाड्या पाहण्यात आल्या, दोन्ही चौदा वर्षांच्या. एक होती शिंप्याची. तिचा रंग उडालेला, मागच्या सीटवर दोऱ्याची रिळे आणि खडूची पूड. दुसरी दातांच्या डॉक्टरांची, आणि ती त्यांच्या दातांइतकीच झकपक होती. मुलीने दोन्ही चालवून पाहिल्या. शिंप्याची गाडी तिने उतारावर मध्येच थांबवली, पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली आणि हसत खाली उतरली. डॉक्टरांच्या गाडीतून उतरताना ती हसली नाही. पायाखाली उशी दाबल्यासारखे वाटते, म्हणाली. एकदा मेकॅनिकला दाखवू या, असेही तिने सुचवले. मेकॅनिकच्या मताला जावक क्रमांक असतो का, असे मी विचारले आणि तो विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी मी वाहन तपासणी केंद्रात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने आधी एकच चौकशी केली, की सोबत गाडी तर आणलेली नाही ना. नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. लोक गाड्या घेऊन आले तर केंद्राच्या कामात फार अडथळा येतो, असे तो म्हणाला. मग मी अर्ज तीन प्रतींत भरला. ‘अर्जदाराने अर्ज भरला आहे’ असा दाखला शेजारच्या खिडकीवरून आणला आणि तो मीच आणल्याची पोच पहिल्या खिडकीवर दिली. सारे कसे चोख. मला माझ्या जुन्या कचेरीची आठवण होऊन गहिवरून आले.

इतिहास मिळण्याची जागा तळघरातल्या अभिलेख कक्षात होती. तिथे बसणाऱ्या गृहस्थाला सगळे केंद्र ‘नापास’ म्हणत असे. पूर्वी तो वर तपासनीस होता. त्याने दोन्ही फायली काढून माझ्यापुढे ठेवल्या. डॉक्टरांच्या गाडीला दरसाल ‘योग्य’ असा शेरा होता. ब्रेकची पकड पहिल्या वर्षी बहात्तर टक्के, दुसऱ्या वर्षी बहात्तर आणि चौदाव्या वर्षीही बहात्तर. शिंप्याच्या फायलीतही तेरा वर्षे असेच सुरळीत चालले होते आणि गेल्या वर्षी एकदम ‘अयोग्य, ब्रेक निकामी’ असा तांबडा शेरा. महिन्याभराने पुन्हा ‘योग्य’, पण पकड पंच्याऐंशी टक्के. हा आकडा मला उद्धट वाटला.

मी तांबड्या शेऱ्यावर बोट ठेवले. नापासने चष्मा पुसला.

“साहेब, हीच गाडी घ्या,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी शिंप्याचा एजंट आजारी पडला, म्हणून तो बिचारा स्वतःच गाडी घेऊन आला. इथे तपासणीला गाडी आलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आली म्हणून तपासली. तपासली म्हणून नापास झाली. मग त्याने ब्रेक नवे बसवले आणि परत दाखवायला आला.”

“आणि तुम्ही?”

“मीही नापास झालो. तेव्हापासून इथे खाली बसतो.”

“डॉक्टरांच्या गाडीचं काय?”

“ती मी कधी पाहिली नाही. इथे कुणीच पाहिलेली नाही. वर जाताना खिडकीशेजारची भिंत बघा, म्हणजे कळेल.”

मी भिंत पाहिली. तिथे काचेच्या चौकटीत ‘तपासणी अहवाल कसा भरावा’ याचा नमुना लावला होता. त्यात ब्रेकच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिले होते, बहात्तर टक्के. माझी शंका फिटली. शासनाने आदर्श म्हणून जो आकडा भिंतीवर लावला, त्याच्याशी डॉक्टरांची गाडी चौदा वर्षे तंतोतंत जुळत होती. असे सातत्य मी माणसांतही पाहिलेले नाही. नापासचे म्हणणे मी मनावर घेतले नाही. ते तोंडी होते.

घरी बायको म्हणाली, “अहो, पोरीला ती शिंप्याची गाडी बरी वाटतेय.”

“वाटण्याला रकाना नाही,” मी म्हणालो, आणि डॉक्टरांची गाडी घेतली.

विसाव्या दिवशी दुपारी उतारावर तिचा ब्रेक तळाला जाऊन टेकला आणि वर आलाच नाही. खाली बसथांब्यावर रांग होती. मुलीने गाडी वळणावरच्या दगडी भिंतीवर घातली. रांगेतल्या कुणाला खरचटलेही नाही, तिचे उजवे मनगट मात्र मोडले. तिच्याच रुग्णालयात तिच्याच मैत्रिणी तिच्या हाताला प्लास्टर घालत होत्या आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. मी फार घाबरलो होतो, हे मान्य करतो.

बाहेर आल्यावर तिने विचारले, “बाबा, कागदावर किती टक्के होते?”

“बहात्तर,” मी म्हणालो.

मग मात्र माझे डोके फिरले. मी तडक केंद्रात जाऊन लेखी तक्रार पुढे केली. कारकून सहानुभूतीने म्हणाला, की तक्रारीला गाडीचा चालू तारखेचा अहवाल जोडावा लागतो. तो त्याने दहा मिनिटांत काढूनही दिला. त्या वेळी गाडी साखळीला लटकून गॅरेजकडे चालली होती. अहवालात ब्रेक बहात्तर टक्के होते. आता ब्रेक ठीक असताना ब्रेकची तक्रार कशी घ्यायची, हा कारकुनाचा प्रश्न रास्त होता. मी फारच हट्ट धरला तर घेऊ म्हणाला, पण मग गाडीच्या इतिहासात ‘वादग्रस्त’ असा शेरा पडेल आणि तिला कुत्रेही विचारणार नाही.

मी पेन खिशात ठेवले. ही गाडी विकल्याशिवाय दुसरी घेता येणार नव्हती. शिवाय चौदा वर्षांचा निष्कलंक इतिहास माझ्यासारख्या माणसाच्या हातून डागाळावा, हे पटेना. शिंप्याची गाडी आहे का म्हणून चौकशी केली, तर ती नापासने घेतली होती.

गॅरेजवाल्याने पत्रा सरळ करून रंग दिला. ब्रेकचे काय करायचे, असे त्याने विचारले. मी त्याला अहवाल दाखवला. त्याने हात पुसले आणि ब्रेकला न शिवता गाडी परत दिली.

गाडी आता आमच्या दारात उभी आहे. मुलीने डाव्या हाताने एक चिठ्ठी लिहून पुढच्या काचेला आतून चिकटवली आहे. ‘ब्रेक लागत नाहीत. माझा हात याच गाडीत मोडला.’ मी ती काढायला गेलो तेव्हा माझी बायको गाडीला पाठ टेकून उभी राहिली, म्हणून राहू दिली. पण चिठ्ठीने काही अडत नाही. आतापर्यंत चार गिऱ्हाइके आली. चौघांनी ती वाचली, चौघांनी हे अधिकृत आहे का असे विचारले, आणि नाही म्हटल्यावर चौघांनाही हायसे वाटले. आता ते भाव वाढवत आहेत.

उद्या तुम्ही येणार आहात. फोनवर तुम्ही ब्रेकचे काहीच विचारले नाहीत. इतिहास स्वच्छ आहे ना, एवढेच विचारलेत, तेव्हाच मी ओळखले की माणूस आपल्यातला आहे. कागद मी काढून ठेवले आहेत, सगळे शिक्के गोल आहेत. चिठ्ठीही हवी तर वाचा, अक्षर वाकडे असले तरी लागते. गाडी कुणासाठी घेताय, असे मी सहज विचारले, तर तुमचा आवाज एकदम मऊ झाला. मुलीसाठी, म्हणालात.