कॉम्प्युटरची झाडूपाळी

जर्मनीत श्टुटगार्टमधल्या एका चार बिऱ्हाडांच्या इमारतीत जिना झाडण्याची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकते. नगरपालिकेच्या नोंदणी खात्यातून निवृत्त झालेल्या एबरहार्ट राप्प यांनी एकतीस वर्षांत ही पाटी एकदाही उशिरा पुढे सरकवलेली नव्हती. अशा गृहस्थाचा कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं घेत होता, ही बाब गंभीर होती.

"तेवढ्यात माझी कॉफी होते," त्यांची पत्नी इर्मगार्ड म्हणाली. "फक्त रविवारी चार वाजता उटेशी बोलायचंय, तेवढं लक्षात ठेवा."

उटे ही त्यांची लेक, राहायला चिलीत. बारा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती, आणि आजी-आजोबा नातीला पडद्यावर का होईना, पहिल्यांदा हलताना बघणार होते. इर्मगार्ड दिवस मोजत होती.

"म्हणूनच म्हणतो," राप्पसाहेब म्हणाले. "पाहुणी पहिल्यांदा येणार आणि घरात हा उकिरडा?"

"ती बारा दिवसांची आहे."

"वाईट सवयी तेव्हापासूनच लागतात."

सोमवारी त्यांनी एक छोटी पाटी रंगवून कॉम्प्युटरला अडकवली आणि कामाला लागले. दुरुस्तीवाला बोलावणं त्यांना मंजूर नव्हतं. सफाईची साधनं कॉम्प्युटरच्या आतच दिलेली होती; घरात झाडू असताना तो शेजाऱ्याकडे कोण मागतं? त्यातल्या पहिल्या साधनाने विचारलं, कोणकोणता कचरा टाकू? काही चौकोनांत खूण आधीच होती, काही रिकामे होते. अर्धवट भरलेला अर्ज राप्पसाहेबांच्या हातून उभ्या नोकरीत पुढे गेला नव्हता. त्यांनी सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. त्यातला एक 'डाउनलोड'चा होता, आणि उटेने पाठवलेले बाळाचे सातही फोटो इर्मगार्डने तिथेच उतरवून ठेवले होते.

मंगळवारी, कॉम्प्युटर उघडताच न बोलावता हजर होणाऱ्या प्रोग्रामांना त्यांनी घरी बसवलं. बुधवारी विखुरलेल्या फायलींचे तुकडे जुळवणारं साधन लावलं आणि खुर्ची ओढून टक्केवारी पुढे सरकताना बघत बसले. बावन्न टक्क्यांवर त्यांनी चक्क शीळ घातली. कॉम्प्युटर एकोणीस सेकंदांवर आला.

साक्षीदार म्हणून तळमजल्यावरच्या त्सेलरबाईंना बोलावण्यात आलं. या बाई जिन्याची धूळ पांढऱ्या हातमोज्याने तपासतात.

"बरंय," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा सतरा सेकंदांत उघडायचा. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

हे राप्पसाहेबांच्या जिव्हारी लागलं. शनिवारी त्यांनी महिनाभरात न वापरलेला प्रत्येक प्रोग्राम मुळासकट उपटला. नऊ सेकंद. त्सेलरबाईंनी हातमोजा काढून हस्तांदोलन केलं. पाळी संपली, म्हणून राप्पसाहेबांनी छोटी पाटी उतरवून खिशात घातली.

रविवारी चारला पाच कमी असताना आलुबुखाराचा केक कापून झाला होता आणि इर्मगार्ड निळा ब्लाऊज घालून बसली होती. कॉम्प्युटर नऊ सेकंदांत उघडला. पडदा चाटूनपुसून साफ होता.

"उटेशी बोलायचं ते कुठाय?"

"काढलं. ईस्टरपासून वापरात नव्हतं."

"मग परत घाला."

"आज रविवार आहे," राप्पसाहेब म्हणाले. "इमारतीचे नियम, कलम सहा. रविवारी बसवाबसवी बंद. उद्या सकाळी आठला पहिलं काम तेच करतो."

"अहो, पोरगी तिकडे बाळ मांडीवर घेऊन बसलीय!"

"आणि इकडे खाली त्सेलरबाई बसल्यात. तोवर तू फोटो बघ ना."

त्यांनी फोटोंची जागा उघडली. तीही नऊ सेकंदांतल्या कामाला शोभेशी रिकामी होती. राप्पसाहेबांचा चेहरा पडला. इर्मगार्डने केकचं ताट उचललं आणि जिना चढून वर गेली.

वर डोरिस राहते, निवृत्त ट्रॉम्बोनवादक. तिच्या दारावरची पाटी दोन-दोन आठवडे हलत नाही. तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर इतकी चित्रं साचलीत की मागचा रंग तिलाही आठवत नाही. त्या पसाऱ्यातून खरखरत, अडखळत उटेचा चेहरा उमटला, आणि तिच्या मांडीवर नात. नातीने जांभई दिली. इर्मगार्ड रडली आणि रडतारडता केक खात राहिली.

दारात राप्पसाहेब उभे होते. कलम सहामध्ये वर येण्याला मनाई नव्हती. त्यांचेही डोळे भरून आले. मग त्यांनी पडद्यावरच्या पसाऱ्याकडे बोट दाखवलं.

"डोरिसबाई, हा शेवटचा कधी साफ केला होता?"

"कधीच नाही."

"लाज नाही वाटत?"

"बसा गप्प, ती शिंकतेय," डोरिस म्हणाली.

राप्पसाहेब बसले. पण हात सवयीने खिशात गेला आणि छोटी पाटी डोरिसच्या पडद्याच्या कोपऱ्यावर लटकली. नातीचा डावा पाय पाटीमागे झाकला गेला.

वाचकहो, हसा खुशाल. फक्त तुमच्या फोनने मागच्या खेपेला 'जागा संपली' म्हटलं, तेव्हा यादी न बघता 'सर्व निवडा' कोणी दाबलं होतं, आणि त्यात कोणाकोणाचे चेहरे गेले, हे एकदा आठवून बघा. आठवत नसेल, तर सफाई उत्तम झाली आहे.