सामन्याआधीचं भांडण

अंतिम सामना तासाभरावर आला होता आणि जेवणं आटपत आली तरी देवूच्या घरात भांडणाचा पत्ता नव्हता.

नवापूरच्या बायकांचा रस्सीखेचीचा संघ यंदा एकही सामना हरला नव्हता. पहिल्या सामन्याआधी देवूची बायको साखरबाई नवऱ्याशी कडाकडा भांडून आली आणि दोरीच्या शेवटाला उभं राहून तिने समोरचा अख्खा संघ ओढून आणला. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तेव्हापासून संघाची कप्तान मंजुळा दर सामन्याआधी देवूला गुपचूप बजावायची, "भावजी, आज भांडा हां. तिला कळू देऊ नका."

देवू बोईसरच्या एका कारखान्यात माल तपासायचा. सलग चांगला माल निघाला म्हणून, दसरा सोडला तर, मशीनपुढे कोणी नारळ फोडत नाही, एवढी अक्कल त्याला होती. हा निव्वळ योगायोग आहे, असं त्याने मंजुळाला सांगूनही पाहिलं.

"आन हरलो तर गावाला काय सांगू? योगायोग चुकला?" मंजुळाने विचारलं.

गावाच्या तोंडी कोण लागणार? देवू मुकाट्याने भांडत राहिला.

आज मात्र साखरबाई भलतीच खुशीत होती. तिने तळलेल्या पापलेटचा मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला.

"कालवण खारट झालंय," देवूने सुरुवात केली.

"हाय का? थांबा, नारळाचं दूध घालते."

"तुझ्या आयशीचा हातपण असाच हाय."

"तिला मी पण तेच सांगते," ती हसली.

देवूला घाम फुटला. दाराबाहेर मंजुळा येरझाऱ्या घालत होती. घाईघाईत तो नको ते बोलून गेला. "आज तू हरणार. वय झालं तुझं."

साखरबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुमाला पण तसंच वाटते?" ती भिंतीला टेकून बसली. "मग मी नाय येत. दुसरीला उभी करा."

सामना गेला खड्ड्यात, पण हिला रडवलं याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. त्याने सगळं कबूल करून टाकलं.

"म्हंजे सगळी भांडणं मंजुळानं लावलेली?"

"पहिली दोन आपली होती," देवू प्रामाणिकपणे म्हणाला.

ती उठली, पदर खोचला आणि मैदानाकडे चालू लागली. देवू मागोमाग धावला.

समोरच्या माकुणसारच्या बायका हटायला तयार नव्हत्या. दोरीवरचा रुमाल इकडून तिकडे सरकत होता. साखरबाईचे पाय वाळूत घसरू लागले, तसा देवू गर्दी फोडून पुढे घुसला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "सखू, सोडू नको!" तिने टाचा रोवल्या. रुमाल नवापूरच्या बाजूला आला.

मंजुळा नाचतच आली. "बघितलं भावजी? भांडण नाय तर रडणं, पण घरात कायतरी व्हायलाच लागते!"

"तसं काय नाय," साखरबाई सोललेल्या तळहातांवर फुंकर घालत म्हणाली. "भांडलो की यांना वाईट वाटते, मग ड्युटी बदलून मॅचला येतात. समोर हे दिसले की मला जोर येते. एवढंच."

मंजुळाने देवूकडे पाहिलं. आता हा पुन्हा योगायोग समजावणार, या तयारीने ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पण हे कारण देवूला तिथल्या तिथे, कुठलाही पुरावा न मागता पटलं होतं.

"पुढची स्पर्धा कधी हाय?" त्याने विचारलं. "सायबाला रजेचं आताच सांगून ठेवतो."