दिगंबरची खोटी गर्दी

एखादी वस्तू नीट चालते असं सांगितलं, की दिगंबरचा चेहरा पडतो. आमच्या शेजाऱ्याने अंगणात नवा झोपाळा टांगला. सगळ्यांनी कौतुक केलं. दिगंबरने कड्या चाचपल्या आणि विचारलं, "एकदम किती जण?" मग गल्लीतली पोरं गोळा करून तो एकेकाला झोपाळ्यावर चढवत गेला. झोपाळा तुटला, पोरं कडब्यावर पडली. कडबा त्यानेच आधी खाली अंथरला होता. शेजारी शिव्या देत होता आणि दिगंबर समाधानाने म्हणत होता, "आता कळलं, कितीला मोडतो ते."

धारूरला आमच्या घरासमोर तो एकटाच राहतो. नोकरी पुण्यातल्या कंपनीची, काम घरून. काम कसलं, हे मी त्याला अनेकदा विचारलं आणि दर वेळी अधिकच गोंधळलो.

"काका, वेबसाइट एकट्याला चालतीच," तो सांगायचा. "आठवडी बाजारात पहाटं जावा, रस्ता मोकळा दिसंल. दुपारी जावा, मग कळंल."

त्याच्याकडे एक टूल आहे. ते खोटी माणसं तयार करतं. ही माणसं वेबसाइट उघडतात, नाव भरतात, बटण दाबतात, सगळी एकाच वेळी. उत्तर यायला किती वेळ लागतो, हे दिगंबर बघत बसतो. ठरलेली गर्दी सोसते का ते पाहायचं, हे लोड टेस्टिंग. मोडेपर्यंत गर्दी वाढवत न्यायची, ते स्ट्रेस टेस्टिंग. आणि या सगळ्या खटाटोपाचं थोरलं नाव परफॉर्मन्स टेस्टिंग.

"म्हणजे माणसं नसतात, पण गर्दी असते?" मी विचारलं.

"बराबर."

बरोबर आहे म्हटल्यावर तर मला काहीच कळेना.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी आमची संस्था वसतिगृह चालवते. मी तिचा अध्यक्ष. टोळ्या एकदमच निघतात, त्यामुळे प्रवेशाची झुंबड एकाच सकाळी उडते. ज्याचा अर्ज राहिला ते पोर आईबापाबरोबर ट्रकमध्ये चढतं आणि त्याची शाळा बुडते. यंदा अर्ज मोबाइलवरून संस्थेच्या वेबसाइटवर भरायचा होता. दिगंबर म्हणाला, आधी तपासू, पण त्यासाठी वेबसाइटची वेगळी नक्कल करावी लागेल. मी म्हटलं, नकलेवर तपासून खरीचं काय कळणार? खरीवरच कर. तो बराच वेळ नको नको म्हणत होता. पण अध्यक्ष मी होतो.

दुसऱ्या दिवशी लिपिकाने सांगितलं, प्रवेश सुरू होण्याआधीच वसतिगृह भरलं, वर शेकडो मुलं प्रतीक्षा यादीत आहेत. मी सभेत या उदंड प्रतिसादावर भाषण केलं. स्वयंपाकीणबाईंनी मोठी पातेली मागितली. मग कोणीतरी यादी वाचली. सगळ्या मुलांच्या वडिलांचं नाव एकच होतं, दिगंबर.

बिनलग्नाच्या माणसाला शेकडो लेकरं म्हटल्यावर गाव चार दिवस हसलं. पाचव्या दिवशी हसणं थांबलं आणि 'बोगस प्रवेश' हा शब्द सुरू झाला. आमच्या भागात तो शब्द एकदा चिकटला की निघत नाही. खऱ्या वेबसाइटवर हे करायला सांगितलं कोणी, असं सभेत विचारलं गेलं. मी पाणी प्यायलो. दिगंबरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चूक माजी हाय."

ती माझी होती. गावात अजून कोणी त्याला बोगस म्हणत असेल, तर त्याने हे वाचावं.

त्याने ती लेकरं पुसून टाकली, नक्कल तयार केली आणि नव्याने तपासायला बसला. प्रवेशाच्या आदल्या दुपारी मी त्याच्याकडे गेलो. माफी मागायची होती, ती न मागता शेजारी बसलो. पडद्यावर सगळी गर्दी पार झाली होती. एकच रेघ मुंगीसारखी सरकत होती.

"संपलं की," मी म्हणालो.

"एक जण राहिलंय."

"खोटंच ना? मग कर बंद."

"न्हाई काका. खरा माणूस बटन दाबायच्या आधी जरा थांबतो. तेवढं थांबणं खोट्यांनाबी द्यावं लागतं." तो पडद्याकडेच बघत होता. "ही आई हाय."

त्याची आई गेल्या वर्षी वारली.

"मी पुण्यात हुतो तवा फोन लावायची तर एकेक आकडा हुडकायची. चुकलं की पुन्ना पयल्यापासून. आन लागला की मी म्हणायचो, कामात हाय, ठेव. तिच्या चालीनं एक ठिवलीय ह्यात. येळ लागतो म्हणून तिला वेबसाइटनं मदीच भायेर काढलं, तर माजी टेस्ट नापास."

आम्ही दोघं ती रेघ पोचेपर्यंत बसून राहिलो.

सकाळी वसतिगृहाच्या अंगणात झुंबड उडाली. वेबसाइट जड झाली, पण पडली नाही. सगळ्यांचे अर्ज भरून झाले. राहिली एक बाई, कोंडाबाई. मोबाइल मांडीवर धरून ती मुलीच्या नावातलं एकेक अक्षर शोधत होती. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, नवरा ट्रकवरून ओरडत होता. लिपिकाने कंटाळून तिच्या मोबाइलला हात घातला. दिगंबरने त्याचा हात बाजूला केला.

मग तो तिच्याजवळ उकिडवा बसला. त्या बाईला त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"सावकाश दाब, आये," तो म्हणाला. "घाई न्हाई. थांबती ही वेबसाइट."