तुळाजीरावांचा घरचा बार

एका जंगलात, मुलांनो, एक लांडगा राहत होता आणि त्याच्या तोंडात एकही किडका दात नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढे गोष्टीत या दातांची आठवण फारशी कुणाला राहणार नाही. खुद्द लांडग्यालाही नाही.

त्याचं नाव तुळाजीराव. वय उतरणीला लागलेलं, स्वभाव सोशिक. एकदा एक शहरी शिकारी अस्वलाला पाहून पळाला आणि त्याचं रिव्हॉल्व्हर पिशवीसकट मागे राहिलं. ते तुळाजीरावांना सापडलं. साधंसुधं नव्हे, मॅग्नम. मॅग्नम म्हणजे काय हे जंगलात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे तो शब्द फार आदराने उच्चारत.

तुळाजीरावांनी साऱ्या जंगलाला पाणवठ्यावर बोलावलं. शिकाऱ्याच्या पिशवीतलं विकतचं काडतूस भरलं, चितळांच्या कळपावर नेम धरला आणि चाप ओढला.

फुस्स.

चितळांचा म्होरक्या अप्पासाहेब पाणी पिता पिता ठसकला. "अरेच्चा! फुसका बार!" तो म्हणाला.

माकडांनी ते दोन शब्द उचलले आणि दिवस मावळायच्या आत जंगलभर केले. तुळाजीरावांना उपास सोसत असे, ऊन सोसत असे, सासूसुद्धा सोसत असे. हे दोन शब्द मात्र सोसले नाहीत.

"बाजारचं काडतूस आणि बाजारची पुरणपोळी," ते घरी येऊन बायकोला म्हणाले, "आत काय भरलंय ते देवालाच ठाऊक. आता बार घरी भरायचा. माझ्या हातांनी."

"अहो, पण चितळ तर दोन उड्यांवर उभं होतं," सगुणाबाई म्हणाल्या. "दात होते की तोंडात!"

"दातांनी कुणीही मारतं गं."

झालं. गुहेचा कारखाना झाला. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा झाल्या. तांबट पक्षी सकाळपासून टुक टुक करत त्या ठोकून सरळ करी. तुळाजीराव शिसं वितळवून गोळ्या ओतत, सोनाराच्या काट्यावर दारू तोलत, एक कण जास्त झाला की काढत, कमी झाला की घालत, आणि शिंक आली तर पुन्हा पहिल्यापासून तोलत. गोळी पुंगळीत दाबायला त्यांनी घरातला शेवयांचा सोऱ्या घेतला. शेवया तशाही होत नव्हत्या.

सगुणाबाईंच्या आईला कुणीतरी चुगली केली, जावई दारूच्या नादी लागलाय. ती तणतणत आली.

"पितात का गं?"

"पीत असते तर बरं होतं, आई. सकाळपर्यंत उतरली तरी असती."

बार दोन जातींचे होते. लाल खुणेचा हरणासाठी, पांढऱ्या खुणेचा घुशींसाठी. कारण घुशी फार माजल्या होत्या. गोळ्यांना लावायची चरबी त्या डब्यातून चाटून खात. घरची भुकेली पिल्लं त्या घुशी पकडून खात. तुळाजीरावांना हे मुळीच आवडत नसे.

"अरे, घुशीसाठी हलका बार वेगळा भरलाय ना मी? तुम्ही अशा तोंडाने धरायला लागलात तर तो मारायचा कुणाला?"

इकडे चितळांना एक गोष्ट कळून चुकली होती. मॅग्नमच्या धाकाने वाघ या बाजूला फिरकत नव्हता, आणि मॅग्नमवाला तर कामात होता. साऱ्या जंगलात लांडग्याच्या दारासारखी निर्धास्त जागा नव्हती. अख्खा कळप तिथे येऊन राहिला. पाडसं गुहेच्या तोंडाशी पाय पसरून झोपू लागली.

अप्पासाहेब रोज चौकशीला येई. "रावसाहेब, यातला आमचा कुठला?"

"हा लाल खुणेचा. जड आहे. तुम्हाला घुशीचा बार मारला तर तुमचा मान काय राहिला?"

"वा! किती विचार करता हो आमचा! पण घाई नको हं. काम कसं चोख व्हायला हवं."

"अप्पासाहेब, या घरात एवढं कळणारे तुम्ही एकटेच," तुळाजीराव गहिवरून म्हणत.

घरात मात्र पिल्लांच्या बरगड्या दिसायला लागल्या. मग घुशीही संपल्या. एका सकाळी धाकटं पिल्लू उठेना. सगुणाबाईंनी त्याला चाटलं, ढोसलं. त्याने नुसते डोळे उघडले आणि मिटले.

"आज पोटात काही गेलं नाही तर हे उद्या दिसायचं नाही," त्या म्हणाल्या.

तुळाजीरावांचा जीव खरंच कळवळला. वाईट लांडगा नव्हता तो, मुलांनो. "आजच उडवतो बार," ते म्हणाले. "फक्त हवेत दमटपणा आहे. दारू जरा वाळू दे. पुन्हा फुस्स झालं तर तोंड कुठे दाखवू?"

सगुणाबाई उठल्या. बाहेर गेल्या.

थोड्या वेळाने अप्पासाहेब आला. आज त्याची शंका होती की गोळीचं नाक बोथट बरं की टोकदार. दोन्ही गोळ्या तळव्यावर घेऊन तुळाजीराव समजावू लागले. कळप गोल करून ऐकत होता.

"बोथट असली म्हणजे ती तुमच्या अंगात शिरल्यावर..."

सगुणाबाईंनी मागून येऊन अप्पासाहेबाचा गळा धरला. आवाज झाला नाही. मागच्या रांगेतल्या चितळांना वाटलं, हे प्रात्यक्षिक आहे.

पिल्लं धावली. धाकटंही सरपटत निघालं.

"थांबा! तोंड लावू नका!" तुळाजीराव ओरडले. लाल खुणेचं काडतूस त्यांनी उचललं. ते याच चितळासाठी भरलं होतं, आणि चितळ तर मरून पडलं होतं. "याच्या अंगावर गोळीची खूण नाही. जंगल काय म्हणेल?"

"अहो, जंगल जेवायला नाहीये," सगुणाबाई म्हणाल्या.

पण तोवर तुळाजीरावांनी काडतूस भरलं होतं. मेलेल्या अप्पासाहेबावर त्यांनी शांतपणे नेम धरला. हात जराही हलला नाही.

धडाम!

डोंगर दणाणला. तांबट फांदीवरून खाली पडला. अप्पासाहेबाच्या मागच्या फऱ्याच्या चिंधड्या झाल्या, आणि उरलेल्या मांसात शिशाचे कण. कळप जो उधळला तो नदी ओलांडून, टेकडी ओलांडून दिसेनासा झाला. पिल्लांनी शिसं थुंकत थुंकत जमेल तेवढं खाल्लं.

"बार उडाला! बार उडाला!" माकडं नाचू लागली.

दुपारी सारं जंगल हार घेऊन आलं. कातडं झाडावर टांगलं. भोकातून जो तो डोकावून पाही आणि मान हलवी. "काय नेम आहे! विकतच्या काडतुसाची ही टाप नाही." गळ्यावरच्या चार खुणांकडे कुणी पाहिलं नाही. सगुणाबाईंना तबक दिलं आणि नवऱ्याला ओवाळायला सांगितलं. त्यांनी ओवाळलं. त्यांचे दात अजून लाल होते. तरस आपल्या बायकोच्या कानात म्हणाला, "पान रंगलंय बाईंचं."

दुसऱ्या दिवशी जंगलात हरीण नव्हतं. सगुणाबाईंनी धाकट्याला मानेला धरून उचललं आणि बाकीच्या पिल्लांना पुढे घालून त्या कळपाच्या मागावर नदीपार गेल्या. जाताना मॅग्नम बरोबर न्यायचं काही त्यांना सुचलं नाही.

तुळाजीरावांनी मान वर केली नाही. ते दारू तोलत होते. आता हाक मारली तर श्वासाने काटा हलला असता.

तात्पर्य: मुलांनो, दात बळकट ठेवा असं तुम्हाला घरी सांगतील. ऐकू नका. दातांनी पोट भरतं, हार मिळत नाही. शिकार दुसऱ्याला करू द्यावी, आणि ती पुरती मेली आहे याची खात्री झाली की आपला बार उडवावा.